एका मिनिटाचा डाव

१

दुपारी तीनला ठाकूरद्वारची ती चाळ झोपते. दोरीवरचे कपडे वाळून कडक झालेले असतात, पण ते काढायला कोणी उठत नाही. अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या सुमेधाबाई बाहेरच्या खोलीत टॅबलेट मांडीवर घ्यायच्या आणि जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बुद्धिबळाचा एका मिनिटाचा डाव मांडायच्या.

एक मिनिट म्हणजे प्रत्येकाला साठ सेकंद. तेवढ्यात चाळीस-पन्नास खेळ्या उरकायच्या. वेळ संपली की वजीर आणि दोन्ही हत्ती शाबूत असले तरी डाव गेला. त्रेसष्टाव्या वर्षी बाईमाणसाने जप करावा, मालिका बघाव्यात, गेलाबाजार पालेभाजी तरी निवडावी. सुमेधाबाई ब्राझीलच्या कुणा तरुणाला मात द्यायच्या आणि मग चहा टाकायला उठायच्या.

चपळाई नोकरीने अंगात मुरवली होती. फोर्टातल्या एका विमा कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढली. ‘हॅलो’ पुरतं व्हायच्या आत त्या माणूस ओळखायच्या आणि त्याने विभागाचं नाव घेण्याआधी लाइन जोडून मोकळ्या व्हायच्या. शंभरात एखादा चुकायचा. क्लेमसाठी फोन केलेला बिचारा थेट मोठ्या साहेबांच्या कानात बोलायला लागायचा. पण नव्व्याण्णव बरोबर जायचे, म्हणून सुमेधासारखी ऑपरेटर होणे नाही असं सगळे म्हणायचे. कंपनीकडून त्या बुद्धिबळाच्या आंतर-कार्यालयीन स्पर्धाही खेळल्या होत्या. दोनदा महिलांची ढाल त्यांनीच आणली.

एका मिनिटाच्या डावात सगळी मदार प्री-मूव्हवर. समोरच्याची खेळी यायच्या आधीच आपली पुढची खेळी पटावर लावून ठेवायची. सोंगटी जिथून निघणार आणि जिथे जाणार ती दोन घरं लाल होतात. त्याची खेळी पडली रे पडली की आपली आपोआप पडते, आणि आपल्या घड्याळातून सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जातो. धोका एवढाच की समोरच्याने भलतंच काही खेळलं तरी आपली लावलेली खेळी पडतेच, आणि आपला वजीर फुकट जातो. सुमेधाबाईंचे यजमान रमाकांत होते तेव्हा शेजारी बसून हे बघायचे आणि म्हणायचे, “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.” डाव रंगात आला की सुमेधाबाईंचा उजवा पाय लादीवर सेकंदांच्या ठेक्यात आपटायचा आणि जोडव्यांची टकटक व्हायची. त्या आवाजावरही रमाकांत चिडायचे.

रमाकांत जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक नूपुर माटुंग्याला राहायची, ऑफिस परळला. ती रोज साडेचारला, चहाच्या सुट्टीत, फोन करायची.

“आई, जेवलीस का?”

“जेवले गं.”

“गोळ्या?”

“घेतल्या.”

“बरी आहेस ना?”

“मजेत. तू नको काळजी करू.”

हासुद्धा एका मिनिटाचाच डाव होता. नूपुरचा प्रश्न संपायच्या आत सुमेधाबाईंचं उत्तर तयार असायचं. कधीकधी तर आपण उत्तर आधी दिलं आणि प्रश्न नंतर आला अशी त्यांना शंका यायची आणि हसू यायचं.

गेले दहा दिवस मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांना चक्कर येत होती. उठताना खोली डावीकडे कलायची आणि कपाटाला धरून उभं राहावं लागायचं. दोनदा त्या मोरीत पडता पडता वाचल्या होत्या. हे नूपुरला सांगायला हवं, आणि चक्करच नव्हे, या दोन खोल्यांत आता एकटीला राहवत नाही, मला तुझ्याकडे ने, हेही सांगायला हवं, असं त्या रोज सकाळी ठरवत होत्या. आणि रोज साडेचारला तोंडातून ‘मजेत’ निघून जात होतं.

२

त्या गुरुवारी डाव ऐन रंगात असताना सुमेधाबाईंनी चष्मा वर सारायला हात उचलला. बोट काचेपासून वीतभर लांब होतं. पटावर मात्र त्यांच्या घोड्याचं घर लाल झालं, आणि अडीच घरं पुढचं आणखी एक.

त्यांनी ती खेळी लावली नव्हती. पण समोरच्याने प्यादं सरकवलं आणि त्यांचा घोडा उडी मारून बसला. घड्याळातून दहावा भाग गेला. खेळी चांगली होती. विचार केला असता तर त्यांनी तीच केली असती.

हाताचा पंजा लागला असेल, असं त्यांनी ठरवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. शिवाय टॅबलेट नूपुरचा जुना, एका कोपऱ्यातून तडकलेला. तडकलेल्या काचेला कोणी हात लावला आणि कोणी नाही हे काय कळणार? एकतीस वर्षं यंत्रांशी काढलेल्या बाईला यंत्राचा दोष लगेच पटतो.

तो डाव त्या जिंकल्या. पुढचाही. तिसऱ्या डावात त्यांनी अकरा वेळा स्क्रीनला बोट लावलं आणि त्यांच्या खेळ्या पडल्या एकोणतीस. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग टॅबलेट बंद करून उशीखाली ठेवला आणि चहाचं आधण टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.

टेबलाखाली सारून ठेवलेलं स्टूल बाहेर ओढलेलं होतं. कोणीतरी बसून उठावं तेवढं.

त्या स्टुलावर त्या दोन वर्षांत बसल्या नव्हत्या. सकाळी लादी पुसताना आपणच ओढलं असणार, असं म्हणून त्यांनी ते पायाने आत ढकललं.

३

शनिवारी सकाळी सुमेधाबाई बँकेत जाऊन आल्या. जिना चढून गॅलरीत टेकतात तोच शेजारच्या आनंदीबाई दारातून म्हणाल्या, “अगं, तू खाली कधी गेलीस?”

आनंदीबाई ऐंशीच्या. चाळीतल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं आणि तिरड्या त्यांनी पाहिल्या होत्या. सुमेधाबाईंनी सांगितलं की दीड तास झाला. आनंदीबाईंनी मान हलवली. पंधरा मिनिटांपूर्वी मी तुझ्या दाराशी उभी होते, म्हणाल्या. वरणाला कोथिंबीर हवी का म्हणून विचारलं. दार बंद होतं, पण तू आतून उत्तर दिलंस.

“काय म्हणाले मी?”

“नेहमीचंच. काही नको हो, म्हणालीस. मी पुरतं विचारलंही नव्हतं.”

ऐंशीव्या वर्षी माणसाला कालचं आज ऐकू येतं, सुमेधाबाईंनी स्वतःची समजूत घातली. आपण खरंच रोज तेच म्हणतो. कोणी काही आणू का विचारलं की काही नको, कोणी बसायला बोलावलं की नंतर येते. म्हातारीच्या कानात ते साठून राहिलं असेल. त्यांनी लॅच उघडलं, पिशवी ठेवली आणि पाण्यासाठी आत गेल्या.

स्टूल बाहेर ओढलेलं होतं.

त्या दुपारी त्या खेळल्या नाहीत. रेडिओही लावला नाही. आरामखुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. ही खुर्ची रमाकांतांची, खिडकीपाशी, पडद्याकडे तोंड केलेली. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, फिकट निळा पडदा होता, धुऊन धुऊन आखूड झालेला. तीन वाजून गेल्यावर पडद्यापलीकडून बारीक आवाज यायला लागला. टक, टक, टक.

नळ गळत असेल. त्यांनी कान देऊन ऐकलं. नळ असा ठेका धरत नाही. हा आवाज थोडा वेळ चालला, एकदम घाईला आला आणि थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश.

साठ सेकंद, सुमेधाबाईंच्या मनात आलं. ते मनात आल्याचा त्यांना रागच आला. उठून बघायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत.

साडेचारला नूपुरचा फोन आला. सुमेधाबाई मजेत होत्या.

४

रविवारी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. टॅबलेट समोरच्या टिपॉयवर उभा केला, डाव सुरू केला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीखाली घेतले. लहानपणी शाळेत बाई शिक्षा करायच्या तसे.

पहिली खेळी पडली. मग दुसरी. लाल घरं पेटत होती आणि विझत होती. समोरचा माणूस विचारात पडायचा, त्याचं घड्याळ पळायचं. यांच्या घड्याळात मात्र दर खेळीला दहावा भाग, आणखी दहावा भाग. विसाव्या खेळीला त्यांच्याकडे अठ्ठावन्न सेकंद शिल्लक होते.

पदरातून हात काढून त्यांनी स्वतःच्या वजिरावर बोट ठेवलं आणि तो मुद्दाम मारात नेऊन सोडला. घरं लाल झाली. मग ती लाली आपोआप पुसली गेली आणि दुसरीकडे उमटली, जिथे वजीर सुरक्षित होता. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्या वेळी तर त्यांचं बोट काचेला टेकायच्या आतच.

डाव जिंकला. स्क्रीनवर अभिनंदनाचे कागदाचे तुकडे उडाले.

आपण इथे कोणालाच नको आहोत, असं त्यांना वाटलं. भीती नंतर वाटली. आधी वाटला तो अपमान. दिवसातला एक तास होता जिथे कोणीतरी, नाव-गाव ठाऊक नसलेलं का होईना, आपल्या खेळीची वाट बघत बसायचं. तो तासही कोणीतरी आपल्याशिवाय उरकून टाकत होतं, आणि आपल्यापेक्षा बरं.

५

रमाकांत गेले तीही दुपारच होती.

ते या खुर्चीत पेपर घेऊन पडले होते. सुमेधाबाई आत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, स्टुलावर. डाव चालू होता, दहा-बारा सेकंद राहिले होते आणि पाय लादीवर वाजत होता. बाहेरून रमाकांत म्हणाले, “अगं, जरा ये.”

“आले हं,” त्या म्हणाल्या.

एवढंच त्यांना आठवत होतं. म्हणजे तेवढंच त्या आठवू द्यायच्या. रमाकांत दिवसातून वीसदा हाक मारायचे. चष्मा सापडत नाही, पंखा कमी कर, हे बघ काय छापलंय. त्यामुळे ‘आले हं’ हे उत्तर लावूनच ठेवलेलं असायचं. हाक आली की ते पडायचं, त्यासाठी डोकं पटावरून काढावं लागायचं नाही.

तो डाव संपला, आणि त्यांनी लगेच दुसरा लावला. दुसऱ्यातही हाक आली होती. आधीपेक्षा हळू आवाजात. तेव्हाही आतून ‘आले हं’ गेलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण तिसऱ्यांदा हाक आली नाही. हे त्यांनी नूपुरला कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की झटका मोठा होता, काही करता आलं नसतं, आणि नूपुरने आईला मिठी मारून तेच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

तिसरा डाव जिंकून त्या बाहेर आल्या तेव्हा रमाकांत पडद्याकडे बघत होते. डोळे उघडे होते. ते वाट बघत गेले होते आणि त्या चार पावलांवर होत्या. याचं दुःख कमी होत नाही. ते रोज दुपारी तीनला ताजं होतं, म्हणून तर त्या रोज तीनला डाव लावायच्या.

आनंदीबाईंनी त्या संध्याकाळी त्यांच्या पायांतली जोडवी काढली. हल्ली कोणी काढत नाही, पण सुमेधाबाईंनीच पाय पुढे केला. जोडवी तेव्हापासून कपाटात, कुंकवाच्या जुन्या डबीत होती.

रविवारच्या त्या डावानंतर त्यांनी कपाट उघडून डबी पाहिली. डबी होती तिथेच होती. झाकण उघडायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

६

सोमवारी त्यांनी कागद घेतला आणि त्यावर ठळक अक्षरात तीन वाक्यं लिहिली. नूपुर, मला चक्कर येते. मला इथे एकटीला भीती वाटते. मला तुझ्याकडे घेऊन जा.

बोर्डावर नव्या मुलींना त्या हेच शिकवायच्या, की अवघड निरोप कागदावरून वाचावा, म्हणजे जीभ सवयीच्या वाटेला जात नाही. सव्वाचारपासून त्या आरामखुर्चीशेजारी उभ्या होत्या. फोन टिपॉयवर, कागद हातात. टॅबलेट त्यांनी बंद करून कपाटात टाकला होता. पडद्यापलीकडे टकटक तरीही चालू होती. त्यांनी तिकडे पाठ केली.

साडेचारला फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

“आई, जेवलीस का?”

सुमेधाबाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला, तोंड उघडलं.

“जेवले गं,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

तो त्यांचाच आवाज होता. बोर्डावरचा, गोड, थोडा घाईतला.

“गोळ्या?”

“घेतल्या.”

सुमेधाबाईंनी कागदावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नूपुर पुढचा प्रश्न विचारील आणि फोन ठेवील, तेवढ्यात बोललं पाहिजे. पण नूपुरने आज पुढचा प्रश्न विचारला नाही. ती थांबली होती. मागे ऑफिसातल्या कपबशा वाजत होत्या.

“आई, आज जरा नीट बोलायचंय. गेले आठ-दहा दिवस तुझा आवाज मला बरा वाटत नाही. मी उगाच रोज घाईघाईत फोन करते, कळतं मला. आम्ही ती मागची खोली रिकामी केलीय. तू आमच्याकडे राहायला येशील? खरं सांग.”

दोन वर्षं सुमेधाबाई ज्या प्रश्नाची वाट बघत होत्या तो हा. त्यांचे डोळे भरून आले, कागदावरची अक्षरं पसरली. त्यांनी श्वास घेतला.

“छे गं,” आतून आवाज गेला. “मी मजेत आहे. तू नको काळजी करू.”

“नक्की ना?”

“अगदी नक्की. ठेव आता, तुझा चहा गार होईल.”

नूपुर हलकेच हसली. त्या हसण्यात थोडी दुखावल्याची छटा होती, आणि सुटल्याचीही. आईला दोन्ही कळलं. “बरं बाई,” ती म्हणाली, “तुझी मर्जी. पण आज छान वाटला हं तुझा आवाज.”

“नूपुर, मला,” सुमेधाबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला होता. स्क्रीनवर बोलण्याची वेळ दिसत होती, एकोणसाठ सेकंद.

परत नंबर लावायला त्या वाकल्या आणि खोली डावीकडे कलली. फोन हातातून सुटून कपाटाखाली गेला. त्यांनी हवेत हात फिरवला, खुर्चीची मूठ सापडली, आणि त्या रमाकांतांच्या खुर्चीत कोसळल्या. छत फिरत होतं. डावा हात उचलायला गेल्या तर तो उचलला जाईना.

“आनंदीबाई,” त्यांनी हाक मारली. आवाज कसाबसा दारापर्यंत गेला.

गॅलरीत कडी वाजली. “सुमेधा, हाक मारलीस का गं?”

“नाही हो, काही नको,” स्वयंपाकघरातून खणखणीत उत्तर गेलं.

“बरं बरं,” आनंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांचं दार लागलं.

सुमेधाबाईंची मान पडद्याकडे कलली होती, ती त्यांना दुसरीकडे वळवता येत नव्हती. आखूड झालेल्या पडद्याखाली वीतभर जागा मोकळी होती. तिथे स्टुलाचे पाय दिसत होते, आणि स्टुलाच्या पायांमधे दोन पावलं. साडीचा काठ ओळखीचा होता, चॉकलेटी, दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुणाला तरी देऊन टाकलेल्या साडीचा. उजवं पाऊल लादीवर ठेका धरत होतं. बोटांत जोडवी होती.

ती काही वाईट बाई नव्हती. नुसती खेळत होती. दहा-बारा सेकंद राहिले असतील, आणि तिला वाटत असेल की हा डाव झाला की उठू.

सुमेधाबाईंना आणखी एकच हाक मारता येईल एवढा श्वास होता. त्यांनी तो जपून वापरला.

“अगं,” त्या म्हणाल्या, “जरा ये.”

“आले हं,” आतून उत्तर आलं, आणि जोडव्यांची टकटक जरा जलद झाली.